धूर, धूळ की धुकं? उपग्रहाच्या चित्रावरून विदर्भात दरवर्षी होणारा गोंधळ आणि तो सोडवायची पद्धत

फेब्रुवारी सरत आला, सागाची पानं गळून जंगलाच्या तळाशी साचली, की ग्रामसभांच्या आणि वनसमित्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर त्याच प्रकारची चित्रं फिरू लागतात. कुणीतरी नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावरून किंवा फर्म्स या नासाच्याच आगीच्या ठिपक्यांच्या नकाशावरून स्क्रीनशॉट काढलेला असतो. मेळघाटावर किंवा गडचिरोलीवर एक पांढुरका पट्टा, त्यात दोनचार लाल ठिपके आणि खाली प्रश्न: वणवा लागला का? दुसरीकडून लगेच उलटा प्रश्न येतो: "भाऊ, आमच्याकडं काल काहीच नाई जळलं, मग हा ठिपका आमच्या वावरात कावून दाखवून राह्यला?"

याचं उत्तर चुकलं तर भोगावं लागतं. फायर वॉचर म्हणून लागलेली पोरं बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात ब्लोअर पाठीवर घेऊन जंगलाच्या भलत्याच कक्षाकडे (क्रमांक दिलेल्या तुकड्याकडे) चालत जातात. ज्यानं काडीही ओढली नाही त्या शेतकऱ्याचं नाव गटावर चर्चेला येतं. आणि खरी आग लागलेली असते तिथले सुरुवातीचे, सगळ्यात मोलाचे दोन तास निघून जातात. म्हणून या अडचणी ज्या क्रमानं तपासल्या तर लवकर सुटतात, त्याच क्रमानं मांडतो आहे. यासाठी लागणारं सगळं फुकट आहे आणि मोबाइलवर चालतं.

आधी वेळ भारतीय करून घ्या

गोंधळाचा मोठा भाग इथेच मिटतो. फर्म्सच्या नोंदींत वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. दुपारच्या नोंदीला एवढं पुरतं: ०८१२ म्हणजे आपल्याकडे दुपारी १ वाजून ४२ मिनिटं. रात्रीच्या नोंदीत तारीखही पुढे जाते. १४ एप्रिल, वेळ २०३५ अशी नोंद असेल, तर ती आपल्या १५ एप्रिलच्या पहाटे २ वाजून ५ मिनिटांची आहे. "१४ तारखेला संध्याकाळी आम्ही जंगलातच होतो, आग नव्हती" असं सांगणारा माणूस आणि ती नोंद, दोन्ही खरी असू शकतात.

वेळेचा दुसरा भाग म्हणजे उपग्रह डोक्यावर कधी असतो. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ या तीन उपग्रहांवर व्हीअर्स नावाचं उपकरण आहे. ते दुपारी साधारण एक ते अडीचच्या दरम्यान आणि पुन्हा रात्री त्याच सुमारास जातात. टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) हे मोडिस उपकरणाचे जुने उपग्रह. त्यांचं कक्षा राखायचं इंधन संपत आल्यामुळे टेरा पूर्वीच्या साडेदहापेक्षा लवकर आणि अ‍ॅक्वा पूर्वीच्या दीडपेक्षा उशिरा येऊ लागला आहे. जुन्या लेखांतल्या त्यांच्या वेळा आता धरू नका.

"आजचं चित्र काळं दिसतंय" ही तक्रारही इथलीच. उपग्रह गेल्यावर चित्र चढायला काही तास लागतात, म्हणून दुपारचं चित्र संध्याकाळी बघा. संध्याकाळीही काळी पाचर उरली असेल, तर ती मोडिसच्या दोन पट्ट्यांमधली (एका फेरीत टिपलेल्या जमिनीच्या दोन पट्ट्यांमधली) फट आहे. आपल्या अक्षांशावर अशी फट पडते. थर बदलून व्हीअर्सचं चित्र लावा. त्याचा पट्टा सुमारे ३,००० किलोमीटर रुंद असल्यामुळे फट उरत नाही.

ठिपका आहे, पण आग नाही

लाल ठिपका म्हणजे आगीची जागा नव्हे. उपग्रहाला जमिनीचा एक चौकोन आसपासच्या मानानं तापलेला दिसला, त्या चौकोनाचा मध्य म्हणजे हा ठिपका. व्हीअर्सचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण ३५ एकरांचा. आपल्याकडे पाच-सात एकरांची वावरं धरली, तर एका ठिपक्यात पाच-सहा जणांची शेतं येतात. आग त्यातल्या कुठल्याही कोपऱ्यात, एखाद्या धुऱ्यावर असू शकते. मोडिसचा चौकोन एक किलोमीटरचा, जवळपास २५० एकरांचा. त्यातही जागा चित्राच्या कडेला आली तर तो चौकोन पसरून क्षेत्रफळानं जवळपास दहापट होतो. त्यामुळे मोडिसचा ठिपका शेजारच्या गावच्या शिवारात पडणं अगदी शक्य आहे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: ठिपक्याचा स्क्रीनशॉट आणि माणसाचं नाव एकत्र कधीही पाठवू नका. ठिपका फक्त "या भागात जाऊन बघा" एवढंच सांगतो. गट नंबर सांगायची त्याची ताकद नाही.

दुसरा प्रकार कायमच्या उष्ण जागांचा. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, गडचांदूर या पट्ट्यात कोळसा खाणी, वीजकेंद्रं, सिमेंटच्या भट्ट्या आणि लोखंडाचे कारखाने आहेत. तिथे पावसाळ्यातही ठिपके पडू शकतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे फर्म्समध्ये मागच्या महिन्याभराच्या तारखा लावून तीच जागा बघणं. जंगल किंवा वावर एकाच ठिकाणी दर आठवड्याला पेटत नाही. ठिपके त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असतील तर तिथे भट्टी, चिमणी किंवा धुमसता कोळसा आहे. फर्म्सच्या जुन्या, तपासून ठेवलेल्या नोंदींत "प्रकार" असा रकानाही असतो. त्यात ० म्हणजे बहुधा झाडझाडोऱ्याची आग आणि २ म्हणजे जमिनीवरचा दुसरा स्थिर उष्ण स्रोत. ताज्या नोंदींत हा रकाना नसतो, म्हणून तारखा तपासायची सवय लावून घ्या.

उरलेले खोटे ठिपके विश्वासार्हतेच्या रकान्यावरून गाळता येतात. व्हीअर्समध्ये कमी, साधारण आणि उच्च अशा तीन पायऱ्या आहेत. दिवसाची "कमी" पायरी बहुतेकदा दोन कारणांनी येते: पाण्यावरून किंवा चकचकीत पृष्ठभागावरून सूर्याची तिरीप उपग्रहापर्यंत पोचते, किंवा ती जागा भोवतालापेक्षा थोडीच जास्त तापलेली असते. मे महिन्यात गोसीखुर्द किंवा इटियाडोहच्या काठावर दुपारी एकच "कमी" ठिपका दिसला, तर दुसऱ्या उपग्रहाची नोंद येईपर्यंत थांबा. रात्रीच्या ठिपक्याला मात्र सूर्याची अडचण नसते, त्याकडे जास्त गांभीर्यानं बघा.

आग आहे, पण ठिपका नाही

हे जास्त काळजीचं आहे. नकाशा कोरा दिसला की लोक निर्धास्त होतात.

आपल्याकडचा वणवा बहुतांशी जमिनीवरून सरकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. पुढे तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून कुठे कुठे आग लावली जाते. ती पाल्यातून गुडघाभर ज्वाळेनं पुढे जाते, शेंडे पेटत नाहीत. अशी बारीक रेघ ३७५ मीटरच्या चौकोनात फार थोडी जागा व्यापते. वर दाट झाडोरा किंवा ढग असेल तर तीही उष्णता अडते. पऱ्हाटीचे ढीग आणि तुराट्या शेतकरी संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवतात. दुपारचा उपग्रह तेव्हा निघून गेलेला असतो आणि रात्रीचा येईपर्यंत राख उरते. अर्ध्या तासात विझलेली आग कुठल्याच नोंदीत सापडणार नाही.

मधल्या वेळेसाठी भूस्थिर, म्हणजे कायम एकाच जागेच्या वर राहणारे उपग्रह आहेत. आपले इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) दर अर्ध्या तासानं चित्र देतात. मात्र उष्णतेच्या पट्ट्यात त्यांचा चौकोन चार किलोमीटरचा आहे, तेव्हा मोहाखालची आग त्यांच्याकडून मागू नका. मोठा, तासन्‌तास चाललेला वणवा आणि त्याचा धूर कुठे सरकतोय एवढं त्यांतून कळू शकतं. बारीक आगीसाठी पहाऱ्यावरचा माणूस आणि त्याचा फोन यांना पर्याय नाही. जाळरेषा (आग अडवायला पाला काढून मोकळी ठेवलेली पट्टी) साफ आहे की नाही हेही त्यालाच दिसतं.

पांढुरका पट्टा नेमका कशाचा

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नैसर्गिक रंगांचं चित्र एकटं बघून ठरवायचंच नाही.

वर्ल्डव्ह्यूमध्ये नैसर्गिक रंगांच्या थराशेजारीच मोडिसचा ७-२-१ पट्ट्यांचा (इथे पट्टे म्हणजे प्रकाशलहरींचे) थर मिळतो, व्हीअर्सचा एम११-आय२-आय१ असतो. तो लावा आणि तोच पट्टा पुन्हा बघा. धुराचे कण इतके बारीक असतात की लघुलहरी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण त्यांतून बहुतांशी आरपार जातात. त्यामुळे या चित्रात पातळ धूर विरतो किंवा फिकट निळसर होऊन खालची जमीन दिसू लागते. पाण्याच्या थेंबांचे ढग आणि धुकं पांढरंच राहतं, बर्फाचे कण असलेले उंच ढग मोरपिशी होतात. म्हणजे पट्टा गायब झाला तर धूर आणि पांढरा राहिला तर ढग किंवा धुकं, हा पहिला अंदाज. सोबत त्याच चित्रात पेटती आग तेजस्वी ठिणगीसारखी आणि ताजी जळालेली जमीन लालसर-तपकिरी दिसते.

धुक्याची आणखी एक खूण त्याच्या आकारात आहे. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या खोऱ्यात, गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांच्या मुलखात सकाळी धुकं बसतं. ते नदीच्या वळणांबरोबर वळतं, कडा रेखीव असतात आणि दुपारच्या चित्रात ते उरत नाही. सकाळचं टेराचं आणि दुपारचं व्हीअर्सचं चित्र वर्ल्डव्ह्यूच्या तुलनेच्या सोयीत शेजारी ठेवा, मिनिटात कळतं. धुराचं तसं नसतं. तो एका टोकाला बारीक, दाट असतो आणि वाऱ्याच्या दिशेनं रुंद होत फिका पडतो. त्या बारीक टोकाशी ठिपका असेल तर शंका उरत नाही.

धूळ जास्त चकवते. ती पिवळसर-तपकिरी दिसते, पण उन्हाळ्यात उघडी, कोरडी जमीनही त्याच रंगाची असते. आपली काळी माती इथे मदतीला येते. यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडची नांगरलेली काळी रानं वरून गडद दिसतात, त्यामुळे वर धूळ आली की ती पुसट होतात. राजस्थानच्या वाळूवर हा फरक दिसणं कठीण. खात्रीसाठी उष्ण-अवरक्त पट्ट्यांतून बनवलेलं धुळीचं रंगचित्र बघा. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहाचं हिंदी महासागरावरचं असं चित्र युमेटव्ह्यूवर मिळतं. त्यात जाड धूळ गुलाबी-किरमिजी दिसते आणि धूर जवळजवळ दिसतच नाही. विदर्भ त्या उपग्रहाला तिरपा दिसतो, त्यामुळे बारीकसारीक तपशिलाची अपेक्षा नको, पण मोठा लोट सुटत नाही.

याच्या जोडीला सेंटिनेल-५पी (२०१७) उपग्रहाचा कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा कोपर्निकस ब्राउझरमध्ये उघडा. जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, धुळीतून निघत नाही. दाट पट्ट्याखाली हा वायू वाढलेला असेल तर पारडं धुराकडे झुकतं. त्याच उपग्रहाचा एरोसोल (हवेत तरंगणाऱ्या कणांचा) निर्देशांक मात्र जपून वापरा. धूर आणि धूळ दोन्हींना तो वर जातो, त्यामुळे धुकं-ढगांपासून त्यांना वेगळं करायला उपयोगी, एकमेकांपासून वेगळं करायला नाही. शिवाय जमिनीलगत बसलेला धूर त्यात फार कमी उमटतो.

शेवटची खात्री जमिनीवरच्या मोजणीतून. नागपूर आणि चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जाळ्यातली स्वयंचलित केंद्रं आहेत, आकडे समीर अ‍ॅपवर येतात. धूर असेल तर पीएम २.५ (अतिबारीक कण) चढतो. धूळ असेल तर पीएम १० (जाड कणही धरून) उसळतो आणि पीएम २.५ त्या मानानं मागे राहतो. नागपूर विमानतळाचा हवामान संदेशही कुणालाही वाचता येतो, त्याचं चिन्ह व्हीएएनपी. त्यात एफयू म्हणजे धूर, डीयू म्हणजे धूळ, बीएलडीयू म्हणजे वाऱ्यानं उडणारी धूळ आणि एचझेड म्हणजे झाकोळ. चार आकडी संख्या म्हणजे मीटरमध्ये दृश्यमानता.

धुळीचं वादळ अंगावरून गेलं, चित्रात काहीच नाही

असंच होणार. मे महिन्यात आपल्याकडची धुळीची वादळं बहुतेक दुपार कलल्यावर उठतात. मोठा गडगडाटी ढग वाढतो, त्यातून थंड हवा खाली आदळते, जमिनीवर पसरते आणि समोरची सगळी माती उचलते. अशा वेळी उपग्रहाला वरून ढगाचं माथं दिसतं, धूळ त्याच्या पोटाखाली असते. शिवाय दुपारचा व्हीअर्स निघून गेलेला असतो. इथे धूळ शोधत बसू नका. इन्सॅटच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चित्रांत ढग कुठून कुठे वाढतोय ते बघा आणि हवामान खात्याच्या नागपूर डॉपलर रडारचं चित्र उघडा. वणवा चालू असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ती खाली आदळणारी हवा काही मिनिटांत आगीची दिशा फिरवते. जाळरेषेवर उभ्या असलेल्या माणसांना हा इशारा आधी गेला पाहिजे.

दुरून येणारी धूळ वेगळी. ती वर चढलेली असते, शेकडो किलोमीटर पसरते, चित्रांत स्पष्ट दिसते आणि तिला उन्हाळाच लागतो असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून निघालेली धूळ अरबी समुद्रावरून थेट मुंबईवर आली होती.

धूर खरा आहे, पण इथला नाही

एप्रिलमध्ये अमरावती-नागपूरकडे आकाश दुधाळ होतं, डोळे चुरचुरतात आणि आसपास एकही ठिपका नसतो. अशा वेळी नकाशा वर सरकवा. सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात, नर्मदापुरम-सीहोरच्या बाजूला गहू निघालेला असतो आणि काड पेटवला जातो. तिथे ठिपक्यांची दाटी दिसेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात असंच पंजाब-हरियाणातल्या धानाच्या तणसाबाबत तपासा.

मात्र ठिपके वायव्येला आहेत एवढ्यावरून धूर तिथलाच असं म्हणू नका. जमिनीवरचा वारा आणि दीड किलोमीटर उंचीवरचा वारा बऱ्याचदा वेगळ्या दिशेला असतो आणि लांबचा धूर वरच्या वाऱ्यावर येतो. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेचं हायस्प्लिट हे हवा कुठून आली ते दाखवणारं साधन संकेतस्थळावर चालवता येतं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्या, मागच्या दिशेचा मार्ग निवडा आणि ५००, १००० व १५०० मीटर अशा तीन उंचींवर मागचे ४८ तास मागा. तिन्ही रेघा त्या खोऱ्यावरून आल्या तर तुमच्या म्हणण्याला आधार मिळाला. रेघा छत्तीसगडकडून आल्या तर शोधही तिकडेच घ्या.

जळालेलं क्षेत्र मोजताना

ग्रामसभेला नुकसान दाखवायचं असतं तेव्हा सेंटिनेल-२ ची चित्रं कामी येतात. वीस मीटरच्या तपशिलातले लघुलहरी अवरक्त पट्टे, तेही काही दिवसांच्या अंतरानं. विदर्भात इथे दोन फसवे प्रकार आहेत. एक, नांगरलेली ओली काळी माती जळाल्यासारखीच गडद दिसते. तिच्या कडा धुऱ्यांप्रमाणे सरळ असतात, वणव्याचा डाग वेडावाकडा असतो आणि नाल्यावर, रस्त्यावर किंवा जाळरेषेवर येऊन थांबतो. दुसरा प्रकार सागाचा. जानेवारीचं हिरवं जंगल आणि मार्चचं निष्पर्ण जंगल यांची तुलना केली, की जळिताचा निर्देशांक न जळलेल्या भागातही घसरलेला दिसतो. म्हणून आगीच्या आदल्या आणि नंतरच्या अगदी जवळच्या तारखांची जोडी घ्या आणि मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याचं चित्रही शेजारी ठेवा. मागच्या वर्षीही तिथे असाच रंग असेल तर ती पानगळ आहे.

सूचना आपोआप मिळाव्यात म्हणून

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाइल नंबर नोंदवला की आपल्या भागातल्या आगीचे एसएमएस येतात, सामान्य नागरिकालाही. फर्म्सवर आपल्या भागाचा चौकोन आखून ई-मेल मागवता येतो. दोन्ही लावा.

आणि गटावर पुढे पाठवताना नुसता स्क्रीनशॉट नको. वनरक्षकाला उपयोग होईल असा मजकूर लिहा: अक्षांश-रेखांश दशांशात, भारतीय वेळ आणि तारीख, कोणत्या उपग्रहाची नोंद, विश्वासार्हतेची पायरी, जवळचं गाव आणि माहीत असेल तर कक्ष क्रमांक, वाऱ्याची दिशा, मागच्या महिन्यात त्याच जागी ठिपका होता की नाही. जागेवर कुणी जाऊन आलं असेल तर त्यानं काय पाहिलं ते सगळ्यात वर लिहा.